शालेय स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी चिमाजी आप्पांवर चार मिनिटांची रचना: वसईची घंटा तारांवर कशी वाजवायची?

सूरशिक्षिका_ठाणे

ठाण्यातल्या एका शाळेच्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी नवी रचना लिहायची आहे. विषय चिमाजी आप्पा आणि त्यांची पोर्तुगीजांविरुद्धची वसईची मोहीम. कार्यक्रम डिसेंबरअखेर, नाट्यगृहात. वेळ चार मिनिटं, त्याहून एक सेकंद जास्त मिळणार नाही.

वाद्यं: पहिली व्हायोलिन ८, दुसरी व्हायोलिन ७, व्हायोला ३, सेलो ३. डबल बास नाही. पहिल्या व्हायोलिनची मुलं तिसऱ्या पोझिशनपर्यंत (हात तारेवर पुढे सरकवून वाजवायची जागा) आली आहेत. दुसऱ्यांमधली तीन मुलं अगदी नवखी आहेत, खुल्या तारा आणि पहिलं बोट एवढंच खात्रीचं. डी मेजर आणि जी मेजर सगळ्यांच्या हातात बसलंय, त्यापलीकडे फार नाही.

आराखडा असा आहे: ठाण्याचा किल्ला, वसईचा वेढा, सुरुंग, विजय आणि शेवटी नाशिकच्या नारोशंकराची घंटा. मधल्या भागाला पोवाड्याचा बाज हवा.

विचारायचं ते असं. घंटेचा नाद फक्त तारांवर उभा करता येईल का, की खरी घंटाच आणावी? पोवाड्याचा ठेका या मुलांना झेपेल असा कसा लिहावा? सूर कुठले धरावेत? आणि निवेदनात "वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी चर्चची घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात टांगली" असं वाक्य घातलंय, ते चालेल का? ऑर्केस्ट्रात ख्रिस्ती मुलंही आहेत. त्यांनाही ही रचना आपली वाटली पाहिजे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मंद्र_वाशी

मॅडम, पाच प्रसंग चार मिनिटांत कोंबू नका. प्रत्येकाला पन्नास सेकंदंही मिळणार नाहीत आणि ऐकणाऱ्याला एकही आठवणार नाही. घंटा हाच रचनेचा कणा करा. तिच्यापासून सुरुवात, मध्ये पोवाडा आणि वेढा, पुन्हा घंटा. आणखी एक सोय अशी की घंटेचा नाद खुल्या तारांवर जवळजवळ जसाच्या तसा बसतो, म्हणजे तुमची नवखी मुलंसुद्धा रचनेच्या सर्वांत महत्त्वाच्या जागी वाजवतील.

युरोपीय पद्धतीच्या चर्चच्या घंटेत एकच सूर नसतो. ठोक्याचा जो सूर कानाला पटकन कळतो तो षड्ज धरला तर त्याखाली एक सप्तक घुमणारा मंद्र सूर असतो, वर कोमल गंधार, पंचम, तार षड्ज, आणि त्याहून वर पुन्हा पंचम आणि षड्ज. प्रमाणात सांगायचं तर ०.५, १, १.२, १.५, २, ३, ४. हे चांगल्या लावलेल्या घंटेचं गणित. जुन्या घंटांमध्ये मंद्र सूर सप्तकाऐवजी थोडा वर-खाली सापडतो, पण आपण त्या फंदात पडायचं नाही. या सगळ्यात घंटेचं घंटापण आहे ते कोमल गंधारात. तो काढला की उरतो नुसता तंबोऱ्याचा षड्ज-पंचम.

आता षड्ज डी धरा. मधला सी म्हणजे सी४ या हिशेबाने (आकडा सप्तकाचा) मोठी घंटा अशी वाटा:

मंद्र सूर डी२: दोन सेलो, सी तारेवर पहिलं बोट. दोघांनी बो (गज) वेगवेगळ्या वेळी उलटवायचा, म्हणजे सूर तुटत नाही.
षड्ज डी३ आणि पंचम ए३: तिसरा सेलो, दोन्ही खुल्या तारा एकाच बोखाली.
कोमल गंधार एफ३: तिन्ही व्हायोला, सी तारेवर तिसरं बोट.
तार षड्ज डी४: दुसरी व्हायोलिन, खुली डी.
ए४: पहिल्या व्हायोलिनमधले चार, खुली ए.
डी५: उरलेले चार, डी तारेच्या बरोबर मध्यावर चौथं बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता निघणारा वरचा सूर.

कोमल गंधार सेलोला देऊ नका. बऱ्याच सेलोंवर ई ते एफ शार्पच्या आसपास वुल्फ टोन असतो, त्या जागी सूर थरथरतो, गुरगुरतो. व्हायोलावर तो स्वच्छ येतो. शिवाय तीनच व्हायोला असल्यामुळे तो सूर बुडण्याची भीती असते, म्हणून व्हायोलांना बाकीच्यांपेक्षा एक पायरी मोठ्याने लिहा. सगळे मेझो फोर्टे (मध्यम जोरात) असतील तर ते फोर्टे (जोरात).

ठोका आणि विरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच बहुतेक ठिकाणी घात होतो. मुलं जोरात सुरू करतात आणि तोच जोर शेवटपर्यंत ठेवतात, मग घंटा न वाजता पेटी वाजते. उपाय असा: दुसऱ्या व्हायोलिनपैकी तिघांना बो देऊच नका, त्यांनी खुली डी पिझिकाटो, म्हणजे बोटाने, छेडायची आणि तार दाबायची नाही, आपोआप विरू द्यायची. उरलेल्या चौघांनी त्याच क्षणी बोने सूर लावायचा. बोवाल्या सगळ्यांनी बो आधी तारेवर टेकवून, किंचित दाबून थांबायचं. इशारा आला की दाब लगेच सोडून बो पळवायचा. पहिला क्षण ब्रिजजवळ (तारा टेकतात ती घोडी), मग हळूहळू फिंगरबोर्डकडे (बोटं टेकवायची पट्टी).

आणि सगळ्यांनी एकदम थांबायचं नाही. घंटेचे वरचे सूर आधी विरतात, मंद्र सूर सर्वांत शेवटपर्यंत राहतो. म्हणून डी५ आणि ए४ एक मात्रा, डी४ दोन मात्रा, षड्ज-पंचमाचा सेलो तीन, व्हायोला चार, मंद्र सेलो पूर्ण आठ. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत दोन बारला (चार मात्रांचा एक बार) एक ठोका. हे मुलांना फळ्यावर उतरत्या पायऱ्या काढून दाखवा, एका तासिकेत कळतं.

चार मिनिटांचा हिशेब असा बसतो. घंटा ८ बार, लय ६०: ३२ सेकंद. पोवाडा ४८ बार, लय ११२: साधारण १०३ सेकंद. वेढा आणि सुरुंग १६ बार, लय ७२: ५३ सेकंद. शेवटची घंटा १२ बार, लय ६०: ४८ सेकंद. एकूण ३ मिनिटं ५६ सेकंद, सगळीकडे चार मात्रांचा बार धरून. पोवाड्याची लय १०४ वर घसरली तर तेवढ्यातच आठ सेकंद वाढतील आणि चार मिनिटं ओलांडली जातील. तालमीत मेट्रोनोम लावून रेकॉर्ड करत राहा.

साष्टीकर

ताई, निवेदनातलं ते वाक्य बदला. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं आहे आणि चिमाजी आप्पा डिसेंबर १७४० मध्येच वारले. देऊळ बांधलं सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी. घंटेवर १७२१ हे साल आहे आणि ती वसईच्या विजयानंतर आलेली मानली जाते, एवढं सांगा, ते पुरेसं आहे. "चिमाजींनी टांगली" हे कालक्रमात बसत नाही. भीमाशंकरलाही वसईकडची म्हणून ओळखली जाणारी घंटा आहे, तेव्हा "एका देवळात" न म्हणता "महाराष्ट्रातल्या काही देवळांत" असं म्हटलंत तर जास्त बरोबर होईल.

ठाण्याचा दुवा सोडू नका, तो मुलांच्या रोजच्या रस्त्यावरचा आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये ठाण्याचा किल्ला बांधायला घेतला आणि मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला. आजचं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे तोच किल्ला. साष्टीची मोहीम तिथून सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. मध्ये दोन वर्षं गेली. म्हणून वेढ्याचा भाग घाईचा लिहू नका. वसईला तटाखाली सुरुंग पेरून तट फोडला गेला, एका हल्ल्यात काम झालं नाही. संगीतातही तो दाब साचत गेला पाहिजे.

ख्रिस्ती मुलांबद्दल तुम्ही विचार केलात हे फार चांगलं. दोन सूचना. एक, वसईच्या शरणागतीच्या अटींत पोर्तुगीज शिबंदीला आणि रहिवाशांना सन्मानाने, मालमत्तेसह बाहेर पडण्याची मुभा होती. सुरुंगानंतर विजयाचा जल्लोष न घालता थेट शांतता आणि घंटा ठेवलीत तर इतिहासाशीही ते जुळेल. दुसरी सूचना, घंटा पहिल्यांदा येते तेव्हा ती चर्चची आहे आणि शेवटी येते तेव्हा देवळातली. सूर तेच ठेवा. निवेदनात "लूट", "हिसकावली" असले शब्द टाळा. "घंटा वसईहून निघाली आणि आजही वाजते आहे" असं साधं ठेवा. ज्या मुलाच्या घरी वसईच्या चर्चची आठवण आहे त्यालाही ती घंटा वाजवताना परकं वाटणार नाही.

वज्रेश्वरीच्या नवसाची हकिकत (वसई मिळाली तर देवीचं देऊळ बांधीन, हा चिमाजींचा नवस) निवेदनात घ्यायची असेल तर "परंपरा सांगते" असं म्हणून घ्या. देऊळ आपल्याच जिल्ह्यात आहे, मुलांना माहीत असतं.

डफ_तुणतुणं

सुरांबद्दल आधी सांगतो. काफी थाट घ्या, षड्ज डी. म्हणजे डी ई एफ जी ए बी सी. मंद्र_वाशी यांच्या घंटेत कोमल गंधार आहेच, तोच चालीत आला की घंटा आणि पोवाडा एकाच मातीतले वाटतात. आणि व्हायोलिनवर याचा फायदा मोठा आहे: डी तारेवर पहिलं बोट, मागे ओढलेलं दुसरं, तिसरं, ए तारेवरही अगदी तसंच. दोन्ही तारांवर हात एकाच आकारात राहतो. सेलोवर दोन्ही तारांना पहिलं, दुसरं, चौथं बोट. ई तार टाळा, तिथे एफ नॅचरलला पहिलं बोट पार खुंटीकडे न्यावं लागतं आणि लहान मुलांचा हात तिथे मोडतो.

शाहिराची ओळ पहिल्या व्हायोलिनने म्हणायची, झील, म्हणजे साथीदारांची साथ, बाकीच्यांनी धरायची. पोवाड्याचा प्राण झिलेत आहे, तिथे कंजुषी करू नका. एक साधी ओळ देतो, गंधार आणि निषाद कोमल समजा, प्रत्येक सूर अर्ध्या मात्रेचा, रेघ म्हणजे तोच सूर पुढे:

प प म ग म ग रे – | सा रे ग रे सा नि सा –

त्यावर झील एका बारची: ए ए ए, म्हणजे "जी जी जी" आणि एक मात्रा विश्रांती. हे तीन सूर खुल्या ए तारेवर आहेत, तुमची नवखी मुलंही ते बिनधास्त वाजवतील. दोन बार शाहीर, एक बार झील, एक बार फक्त ठेका, असा चार बारचा फेरा धरा. बारा फेरे म्हणजे ४८ बार. पण बारा वेळा तेच वाजवलंत तर लोक कंटाळतील. पोवाडा चौकाचौकाने, म्हणजे कडव्याकडव्याने, चढतो. तीन चौक करा, प्रत्येकी चार फेऱ्यांचे. पहिल्या चौकात एकच व्हायोलिन शाहीर. दुसऱ्यात सगळी पहिली व्हायोलिन. तिसऱ्यात ओळ व्हायोला आणि एका सेलोकडे खालच्या सप्तकात आणि पहिली व्हायोलिन झिलेत. तिसऱ्या चौकात झील वाद्यावर न वाजवता तोंडाने म्हणवून घेतलीत तर उत्तमच, फक्त तेव्हा मुलांना पिझिकाटो द्या. बो चालवत गाणं या वयात जमत नाही, बो सुराच्या चढ-उताराबरोबर थांबतो.

ठेका. कहरव्याच्या आठ अर्धमात्रा धरा, पण वजन तीन-तीन-दोन असं द्या. सेलोला सरळ तीन सूर दिलेत, लांब, लांब, आखूड, तर बो दुसऱ्या बारला उलटा पडतो: खाली, वर, खाली, आणि पुढचा बार वर ढकलून सुरू. त्यात जोर निघून जातो आणि मुलांना कळतही नाही काय बिघडलं. शेवटच्या दोनाचे एक-एक असे तुकडे करा. मग खाली, वर, खाली, वर होतं आणि प्रत्येक बार खालच्या बोने सुरू होतो. सूर दोनच: दोन बार डी२, दोन बार सी२. दोन्ही सेलोच्या सी तारेवर, एक पहिलं बोट आणि एक खुली तार. खुली सी म्हणजेच तुमचा कोमल निषाद. सीच्या बारांत तुणतुण्याचा षड्ज आणि खाली सी असा खटका बसेल, तो राहू द्या, छान लागतो.

तुणतुण्यासाठी दुसऱ्या व्हायोलिनमधली तीन मुलं, खुली डी पिझिकाटो. वाद्य हनुवटीखाली न धरता मांडीवर आडवं घेऊन अंगठ्याने छेडली तर आवाज गोल आणि ठसठशीत येतो, आणि मुलं थकतही नाहीत. फिंगरबोर्डच्या टोकाजवळ छेडायची. सगळ्या अर्धमात्रा भरू नका. पहिली, चौथी आणि सातवी, बाकी रिकाम्या. रिकाम्या जागेत त्यांची लय पळते. तिथे बोल म्हणत वाजवायला लावा, "धागेनति नकधिन", आणि वजनाच्या तीन अक्षरांवरच बोट. आठवडाभर नुसतं टाळीवर करा, मग तारेवर.

डफासाठी वाद्यावर थापा मारायला सांगू नका. व्हायोलिनची वरची फळी पातळ असते, अंगठी किंवा नख लागलं तर वॉर्निश जातं आणि ब्रिजजवळ थाप बसली तर साउंडपोस्ट (आतला आधाराचा खांब) हलतो. बोच्या काठीने तार ठोकणंही नको. खरा डफ एक आणा, एकाच मुलाला द्या, तोही फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकात.

बोवरून पिझिकाटोवर जायला आणि परत यायला लहान मुलांना या लयीत दोन बार लागतात. तेवढी मोकळी जागा त्यांच्या पार्टमध्ये लिहूनच द्या.

सूरशिक्षिका_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. निवेदन आजच बदलते. दोन अडचणी दिसताहेत. मुलांच्या फिंगरबोर्डवर डी मेजरच्या टेप (बोटांच्या जागा दाखवणाऱ्या पट्ट्या) आहेत, त्यामुळे दुसरं बोट एफ शार्पवरच जाऊन बसतं. सांगितलं की खाली येतं, दोन बारनंतर पुन्हा वर. दुसरं, खुल्या तारांवर घंटा उभी करायची म्हणजे ट्यूनिंग अगदी नेमकं लागणार, आणि पावसाळ्यात लावलेलं वाद्य डिसेंबरात टिकत नाही. सेटअपमधलं कळणारं कोणी आहे का? आणि खरी घंटा आणायचा विचार सोडून द्यावा का?

खुंटी_आणि_घोडी

एफसाठी वेगळ्या रंगाची टेप लावा, जुनी काढू नका. जागा मोजायची ती नटपासून (खुंट्यांकडे तारा जिथे टेकतात ती पट्टी): तारेची नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी मोजा आणि ०.१५९ ने गुणा. फुल साइज व्हायोलिनवर लांबी साधारण ३२८ मिमी धरली तर कोमल गंधार ५२ मिमीवर येतो. पहिलं बोट ३६ वर, एफ शार्प ६८ वर. म्हणजे दुसरं बोट तब्बल १६ मिमी मागे यायला हवं, पहिल्याला चिकटून. मुलांना हे अंतर एवढं मोठं आहे याचा अंदाजच नसतो. तीन-चतुर्थांश साइजला तेच गुणोत्तर लावा, फुल साइजचे आकडे वापरू नका. तालमीच्या सुरुवातीला पाच मिनिटं डी आणि ए तारेवर काफीची सरगम, आणि तो महिना डी मेजरचं काहीही वाजवायचं नाही. पार्टवर प्रत्येक एफ आणि सीच्या वर बाण काढून द्या. की सिग्नेचर रिकामी आहे एवढ्याने मुलांच्या लक्षात राहत नाही.

कोमल गंधाराची एक बारीक गोष्ट: घंटेतलं १.२ हे प्रमाण ट्यूनरच्या एफपेक्षा सुमारे १६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर असतं. तिन्ही व्हायोला कानाने लावू शकत असतील तर खुल्या डी-एच्या नादावर हळूहळू वर सरकवत न्या, डुगडुग थांबते ती जागा. नसेल जमत तर ट्यूनरवरच ठेवा. तिघं तीन ठिकाणी असण्यापेक्षा तिघं एकत्र, जरा खाली असलेली बरी.

ट्यूनिंग. बोटाने दाबलेला सूर मूल वाजवताना सावरू शकतं, खुली तार सावरता येत नाही. पंधरा व्हायोलिनमध्ये दोन डी तारा उतरलेल्या असल्या तरी घंटा फुटकी वाटते. आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी खुंट्या फुगून अडकतात आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत, त्यात नाट्यगृहाच्या एसीत, आकसून सुटतात. नोव्हेंबरमध्ये प्रत्येक खुंटी बाहेर काढून पेग पेस्ट लावून घ्या. पेस्ट नसेल तर खुंटी जिथे भोकात घासते तिथे थोडा खडू. अडकणाऱ्या खुंटीला खडू लावू नका, ती आणखी घट्ट होईल. तार गुंडाळताना शेवटचे वेढे खुंटीपेटीच्या भिंतीकडे सरकत गेले पाहिजेत, म्हणजे तार स्वतःच खुंटीला आत ओढून धरते. चारही तारांना फाइन ट्यूनर असलेला टेलपीस आणि स्टीलच्या तारा, शालेय वाद्याला हेच योग्य. नव्या तारा घालायच्या असतील तर कार्यक्रमाच्या किमान दोन आठवडे आधी, त्या ताणून बसायला वेळ लागतो.

वारंवार ट्यून करताना ब्रिज फिंगरबोर्डकडे झुकतो. दर आठवड्याला बाजूने पाहा, टेलपीसकडची बाजू वरच्या फळीशी काटकोनात दिसली पाहिजे. झुकलेला ब्रिज पडला की साउंडपोस्टही पडू शकतो, आणि ते स्टेजवर दुरुस्त होत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी २१ वाद्यांना प्रत्येकी ४० सेकंद धरा, म्हणजे चौदा मिनिटं. दोघांनी वाटून घेतलंत तर सात. ए ४४० वर. हे ट्यूनिंग ग्रीनरूममध्ये करून उपयोग नाही, एसी चालू असलेल्या विंगमध्ये वाद्यं वीस मिनिटं उघडी ठेवून मग करा. बोचे केस वाजवून झाल्यावर सैल करायला प्रत्येक मुलाला शिकवा. पावसाळ्यात लांबलेले केस कोरड्या हवेत ताणले जातात आणि काठी वाकते.

खऱ्या घंटेबद्दल: बाजारातल्या पितळी घंटेचा सूर तुमच्या डीशी जुळेलच असं नाही, आणि ती तुम्ही लावू शकत नाही. दुकानात फोनवर ट्यूनर उघडून वाजवून पाहा. डी किंवा एच्या वीस सेंटच्या आत मिळाली तर घ्या, नाहीतर नको. पूजेची छोटी घंटी तर मुळीच नको, तिचा सूर सगळ्या व्हायोलिनच्या वर जाऊन बसतो. आणि घंटा घेतलीच तर ती सुरुवातीला एकदा, एकटी वाजवा, नाद पूर्ण विरू द्या, मग तारांची घंटा सुरू करा. दोन्ही एकदम नकोत.

मंद्र_वाशी

वेढ्याबद्दल राहिलं होतं. सोळा बारांपैकी चौदा बार ट्रेमोलो (एकाच सुरावर बो भराभर पुढे-मागे), मग दीड बार टिपेचा जोर आणि शेवटच्या दोन मात्रा संपूर्ण शांतता. सेलो डी२ वर, व्हायोला खुल्या जीवर, दुसरी व्हायोलिन खुल्या डीवर, पहिली व्हायोलिन एफ, ई, डी, पुन्हा एफ, ई, डी अशी प्रत्येक सुराला दोन बार देत उतरणारी. बारा बारांत दोन फेरे होतात, तेराव्या-चौदाव्या बारला एफवर थांबून राहा. साष्टीकर म्हणतात तसा दाब साचवायचा तर पहिले आठ बार आवाज वाढवूच नका, पियानिसिमोच (अगदी हळू) ठेवा. मुलं दुसऱ्याच बारला फोर्टेवर जातात, कारण ट्रेमोलो बोच्या बुडाशी करतात. बोच्या टोकाचे चार बोटं इतकेच केस वापरायचे, मनगट हलेल, कोपर नाही. नवव्या बारपासून दर दोन बारला बो थोडा थोडा मध्याकडे आणायचा. आवाज आपोआप वाढतो, "जोरात" असं सांगावं लागत नाही.

ट्रेमोलोत लय नेहमी पळते, कारण कोणाच्याच हातात मोजण्यासारखं काही नसतं. एका सेलोला ट्रेमोलो देऊ नका, त्याने प्रत्येक मात्रेवर खुली सी पिझिकाटो द्यायची. बाकीचे त्याच्यावर टेकतील. सुरुंगाचा धडधडता आवाजही त्यातूनच मिळतो.

शांततेच्या दोन मात्रांत हमखास कोणीतरी वाजवतं. त्यामुळे बो तारेवरून उचलणं हेही पार्टमध्ये लिहा. तालमीत तो भाग वेगळा काढा: फक्त शेवटचे दोन बार, शांतता आणि पुढचा ठोका.

शेवटच्या बारा बारांत पहिले दोन ठोके लहान घंटेचे करा, सेलोशिवाय. एक व्हायोला सी तारेवर पहिल्या बोटाने डी३, दोन व्हायोला खुल्या डीवर. दुसऱ्या व्हायोलिनमधले जाणते चार जण डी तारेवर कोमल गंधार एफ४, नवखे तिघं खुली ए. पहिली व्हायोलिन ए तारेवर तिसऱ्या बोटाने डी५. मग चार ठोके मोठ्या घंटेचे, आवाज क्रमाने कमी, लय मात्र एकसारखी. शेवटी लय मंदावू नका. घंटा मंदावत नाही, तिचा फक्त नाद विरतो.

नाट्यगृहाबद्दल एक खबरदारी. गडकरी असो, घाणेकर असो किंवा वाशीचं भावे, ही सभागृहं नाटकाच्या संवादांसाठी आहेत. विंगा आणि पडदे नाद पिऊन टाकतात. मागचा काळा पडदा शक्य तितका पुढे घ्या किंवा मुलांना पुढच्या पडद्याच्या रेषेपर्यंत आणा. सेलोंना कोपऱ्यात विंगेला लावून बसवू नका, मध्याजवळ, एफ-होल प्रेक्षकांकडे. माईक लावायचेच असतील तर समोर दोन कंडेन्सर, साधारण सव्वादोन मीटर उंचीवर. एकेका वाद्याला माईक नको, मग एकाच मुलाची व्हायोलिन ऐकू येते. साउंडवाल्यांना आधी भेटून सांगा: घंटेत थोडा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा), पोवाड्यात पूर्ण बंद. पोवाड्यावर रिव्हर्ब राहिला तर तीन-तीन-दोनचा ठेका चिखल होतो.

सूरशिक्षिका_ठाणे

लहान घंटेत नवख्यांनी खुली ए वाजवायची आणि मोठ्या घंटेत खुली डी, हा बदल त्यांना लक्षात राहील का? दोन्हीकडे डीच दिली तर चालेल?

मंद्र_वाशी

चालेल. लहान घंटेतही त्यांना डी४ द्या, तोच तिचा षड्ज आहे. पंचम मात्र सुटता कामा नये, म्हणून पहिल्या व्हायोलिनपैकी तिघांना खुली ए द्या आणि उरलेल्या पाचांना डी५. नवख्यांच्या पार्टवर मग घंटेच्या सगळ्या ठोक्यांना एकच सूर राहतो.

पार्ट म्युझस्कोरमध्ये (स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) काढताना नवख्या तिघांचा वेगळा पार्ट करा, दुसऱ्या व्हायोलिनच्या पानावर दोन ओळी एकत्र छापू नका. अक्षर मोठं ठेवा आणि वेढ्याचा भाग नव्या पानावर सुरू होऊ देऊ नका, ट्रेमोलो चालू असताना पान उलटायला कोणाचा हात मोकळा नसतो. पानं उलटायची जागा पोवाड्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकाच्या मधे. तिथे पिझिकाटोसाठी दोन बार मोकळे ठेवलेलेच आहेत.